चार लाख रुपयांचा तह

१८७८ साली वेंगुर्ल्यापासून कारवारपर्यंतच्या किनाऱ्यावर मिठाला दोन भाव होते. मीठ एकच. त्याच अरबी समुद्राचं पाणी भरतीला खाजणात घ्यायचं आणि त्याच उन्हात आटवायचं. पण मुंबई इलाख्याच्या हद्दीत त्यावर मणामागे अडीच रुपये कर होता. पोर्तुगिजांच्या गोव्यात मिठावर असला जबर कर नव्हता. मिठागरावर मणभर मीठ पिकवायला काही आणेच लागत, म्हणजे गोव्याची हद्द ओलांडली की त्याच मिठाची किंमत कित्येक पटींनी चढे. अशा ठिकाणी चोरटा व्यापार होत होता का, हे विचारण्यात अर्थ नाही. तो किती होत होता, एवढाच प्रश्न.

आणि हद्द तरी कसली! उत्तरेला सावंतवाडी संस्थान, पूर्वेला बेळगावकडचे घाट, दक्षिणेला कारवारचा मुलूख. सत्तरीच्या आणि सांग्याच्या जंगलांतून वर चढणाऱ्या पायवाटा मोजायला कुणी बसलं नव्हतं. लमाणांचे तांडे पिढ्यानपिढ्या बैलांवर धान्य लादून घाट उतरत आणि मीठ, नारळ, सुके मासे घेऊन वर जात. गोव्यात भात पुरेसं पिकत नसे आणि देशावर मीठ नव्हतं. ही देवाणघेवाण पोर्तुगीज यायच्या आधीपासूनची. मिठाचा कर वाढला तसा हाच जुना व्यापार सरकारी कागदांत गुन्हा झाला. नाक्यांवरचे शिपाई वाढले, पण त्यांचा पगार अपुरा आणि रात्र मोठी.

दारूचीही तीच गत. १८७८ सालीच मुंबई सरकारने नवा आबकारी कायदा आणला. ताडी काढायच्या झाडांवर करांचा बोजा चढला, गावोगावच्या भट्ट्या बंद करून मक्त्याच्या मोठ्या भट्ट्यांकडे धंदा वळवायला सुरुवात झाली. या सगळ्यामागे चार्ल्स प्रिचर्ड या अधिकाऱ्याचा हात होता. मीठ, अफू, आबकारी, जकात सगळं त्याच्याच खात्यात. त्याचा हिशेब साधा होता: इकडे दर चढवायचे तर शेजारी स्वस्त माल असता कामा नये. आणि शेजारी गोवा होता, तर वर सुरत आणि ठाणे जिल्ह्यांच्या कुशीत दमण. दमणची दारू गुजरातच्या तालुक्यांत जाणं म्हणजे एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जाणं.

गोव्याशी झालेला तह समजून घ्यायचा तर आधी थोडं उत्तरेकडे पाहायला हवं. ब्रिटिशांनी मिठाच्या करासाठी उत्तर हिंदुस्थानात एक अजब गोष्ट उभी केली होती. सिंधू नदीपासून महानदीच्या खोऱ्यापर्यंत दोन हजार तीनशे मैलांहून लांब जकातीची सरहद्द, तिच्यावर बारा हजारांच्या आसपास माणसं, आणि बऱ्याच लांबीवर काटेरी झाडांचं जिवंत कुंपण. राजपुतान्यातलं स्वस्त मीठ ब्रिटिश मुलखात येऊ नये म्हणून हा खटाटोप. पुढे काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपल्याला परिचित झालेला ॲलन ह्यूम काही वर्षं याच खात्याचा आयुक्त होता, आणि कुंपण वाढवण्यात त्याने बराच जीव ओतला.

कुंपण ठेवणं महाग पडतं हे सरकारला कळत होतं. उपाय दोनच. कर कमी करायचा, नाहीतर मीठ जिथे पिकतं ते मूळच ताब्यात घ्यायचं. पहिला उपाय कलकत्त्याच्या तिजोरीला मानवणारा नव्हता. म्हणून दुसरा. १८७० मध्ये जयपूर आणि जोधपूरकडून सांभर सरोवर भाड्याने घेतलं. १८७९ मध्ये राजपुतान्यातल्या बहुतेक संस्थानांशी करार झाले: तुमची मिठागरं आम्ही चालवू किंवा बंद करू, तुम्ही वर्षाला ठरावीक रक्कम घ्या. त्याच वर्षी १ एप्रिलला ते अगडबंब कुंपण मोडीत निघालं. व्हाइसरॉय होता लॉर्ड लिटन, अर्थखातं जॉन स्ट्रॅची सांभाळत होता.

आता नकाशावर छिद्रं उरली ती पोर्तुगिजांची. गोवा, दमण, दीव.

इथे अडचण अशी की पोर्तुगालचा राजा काही जोधपूरचा महाराजा नव्हता. त्याच्याकडे रेसिडेंट पाठवून सही घेता येत नव्हती. हा तह लिस्बनमध्येच करावा लागणार होता, आणि तो करायला माणूसही तसाच मिळाला. रॉबर्ट मॉरियर १८७६ पासून लिस्बनमध्ये ब्रिटिश वकील होता. त्याआधीची वीसहून अधिक वर्षं त्याने व्हिएन्ना, बर्लिन, डार्मश्टाट, म्युनिक अशा जर्मन दरबारांत काढली होती. म्हणजे प्रशियाने उभा केलेला जर्मन जकातसंघ, ज्याला तिकडे झोलफेराइन म्हणत, त्याने फार जवळून पाहिला होता. १८३४ साली सुरू झालेल्या त्या संघात लहानमोठी जर्मन राज्यं एकामागून एक आली. आपसातल्या जकाती उठल्या, बाहेरच्या मालावर एकच दर लागला. ऑस्ट्रियाला मात्र प्रशियाने शेवटपर्यंत आत येऊ दिलं नाही. १८७१ मध्ये जर्मन साम्राज्य जाहीर झालं तेव्हा कोण आत आणि कोण बाहेर हे जकात नाक्यांनी तीस-पस्तीस वर्षं आधीच ठरवून टाकलं होतं, असं म्हणणारे तेव्हाही होते. मला ते अर्धं खरं वाटतं. १८६६ च्या लढाईत यातलीच कित्येक राज्यं ऑस्ट्रियाच्या बाजूने प्रशियाशी लढली. पण लिस्बनमधल्या लोकांना ही अर्धी गोष्ट भीती वाटायला पुरेशी होती.

समोरच्या बाजूला पोर्तुगालचा परराष्ट्रमंत्री जुआंव द आन्द्राद कोर्वू. हा गृहस्थ शास्त्राचा प्राध्यापक, कादंबरीकार आणि राजकारणी. पोर्तुगालच्या वसाहती जुन्या वैभवाच्या आठवणींवर जगू शकणार नाहीत, त्यांना रेल्वे, बंदरं, भांडवल हवं, हे त्याचं ठाम मत. भांडवल पोर्तुगालकडे नव्हतं. ते लंडनमध्ये होतं. तेव्हा इंग्लंडशी जुनी मैत्री कामाला लावायची, काही द्यायचं आणि त्याबदल्यात आगगाडी घ्यायची. मॉरियर आणि कोर्वू दोघांच्याही मनात गोवा ही पहिली पायरी होती. दुसरी आफ्रिकेत, लोरेन्सू मार्किशच्या बंदरात, जिथून ट्रान्सवालला रेल्वे न्यायची. त्याचाही करार दोघांनी १८७९ च्या मे महिन्यात केला, पण पोर्तुगालमध्ये त्याला एवढा विरोध झाला की तो कधी अमलात आलाच नाही. गोव्याच्या नशिबी मात्र पहिली पायरी आली.

२६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बनला तहावर सह्या झाल्या. अंमल १५ जानेवारी १८८० पासून, मुदत बारा वर्षं.

तहात काय होतं? पोर्तुगीज आणि ब्रिटिश हिंदुस्थानातल्या जमिनीवरच्या जकाती उठल्या. समुद्रमार्गे येणाऱ्या मालावर दोन्हीकडे एकच दरपत्रक, अर्थात ब्रिटिश हिंदुस्थानचं. गोव्यात आबकारीची पद्धत आणि कर शेजारच्या ब्रिटिश जिल्ह्यांच्या बरोबरीला आणायचे. अफूचा व्यापार पोर्तुगिजांनी बंद ठेवायचा. मिठाचं उत्पादन आणि विक्री ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली द्यायची; कोणती मिठागरं चालायची आणि कोणती बंद ठेवायची हे ते ठरवणार. मुरगावपासून ब्रिटिश हद्दीपर्यंत रेल्वे बांधायची आणि पलीकडून ब्रिटिशांनी ती आपल्या रेल्वेला जोडून घ्यायची. या सगळ्यापोटी ब्रिटिश सरकारने पोर्तुगिजांना वर्षाला चार लाख रुपये द्यायचे.

चार लाख. गोवा, दमण, दीव मिळून लोकवस्ती तेव्हा पाच लाखांच्या आतबाहेर. म्हणजे माणशी रुपया, किंवा त्याहूनही कमी.

जर्मन जकातसंघाशी ताडून पाहिलं तर यातली मेख दिसते. तिकडे जमलेली जकात लोकसंख्येच्या प्रमाणात सभासद राज्यांत वाटली जाई, आणि दर बदलायचे तर सगळ्यांची संमती लागे. एखाद्या टीचभर राज्यालाही नाही म्हणता येई. गोव्याच्या वाट्याला वर्षाचे चार लाख आले, पण कलकत्त्यात काही ठरत असताना तिथे खुर्ची आली नाही. शिवाय ते चार लाखही खर्चायला मोकळे नव्हते. ते रेल्वेसाठी बांधून घेतलेले होते.

रेल्वेचं गणित असं. लंडनमध्ये वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे नावाची कंपनी निघाली. पहिल्या आठ लाख पौंड भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी पोर्तुगाल सरकारने दिली. पुढच्या भांडवलावरही हमी होती. आठ लाखांचे पाच टक्के म्हणजे चाळीस हजार पौंड. दहा रुपयांना एक पौंड या जुन्या हिशेबाने चाळीस हजार पौंड म्हणजे नेमके चार लाख रुपये. कागदावर बेरीज-वजाबाकी शून्य. मीठ द्या, रेल्वे घ्या, खिशातून काही जाणार नाही.

पण ब्रिटिश देणार रुपये आणि कंपनीच्या भागधारकांना व्याज लागणार पौंडात. १८७० नंतर जगभर चांदी उतरत चालली होती आणि रुपया चांदीचा. दोन शिलिंगांचा रुपया १८८० मध्ये वीस पेन्सांवर आला होता, १८९२ पर्यंत पंधरावर. म्हणजे तेच चार लाख रुपये तहाच्या सुरुवातीला तेहतीस हजार पौंडांचे होते आणि शेवटी पंचवीस हजारांचे. मधली फट पोर्तुगालने भरायची. लिस्बनच्या कुणा हिशेबनिसाला हे आधी दिसलं नसेल असं नाही, पण रेल्वे दारात येत असताना अशा माणसाचं कोण ऐकतं?

गोव्यात तहाचा पहिला चटका मिठानेच बसला. तिसवाडी, बार्देश, साष्टीच्या खाजणांत ठिकठिकाणी मिठाची आगरं होती. काही गावकऱ्यांच्या, म्हणजे कोमुनिदादांच्या मालकीची, काही खासगी. ब्रिटिश मीठखात्याला विखुरलेली लहान आगरं नको होती, कारण प्रत्येकावर शिपाई ठेवणं परवडत नाही. मुंबई इलाख्यात त्यांनी हेच केलं होतं. लहान बंद, मोठ्यांभोवती पहारा, आणि कच्छच्या रणाकडेला खाराघोड्यासारखी सरकारी मिठागरं वाढवायची. तेच आता गोव्यात झालं. आगरं बंद पडली, चालू राहिली त्यांच्यावर परवान्याचा आणि वजनाचा जाच आला, मीठ महाग झालं. मिठाच्या आगरांवर राबणारे मिठगावडे, होड्यांतून मीठ नेणारे तांडेल, मासे खारवणाऱ्या बायका, सगळ्यांच्या पोटावर एकदम पाय आला. पणजीच्या सरकारात नव्हे, तर दूर मुंबईच्या मीठखात्यात आपला मालक बसला आहे, हे गोवेकराला या खात्याच्या शिपायाने शिकवलं.

दुसरा चटका माडांचा. रेंदेर, म्हणजे माडाची सूर काढणारा माणूस, गोव्याच्या प्रत्येक गावात. आबकारीचे दर ब्रिटिश जिल्ह्यांच्या बरोबरीला आले तसा झाडामागचा कर चढला. ठाण्या-मुंबईकडे भंडारी याच कायद्याविरुद्ध तक्रारी करत होते. आता गोव्यातही तीच कुरकुर. तेरेखोलच्या दोन्ही तीरांवर एकच आबकारी झाल्याने सरहद्दीवरची चोरटी दारू कमी झाली खरी. ज्या सरकारचं उत्पन्न वाढलं त्याला हे यश वाटलं. गोव्याच्या दृष्टीने मात्र एक मोठी गोष्ट हातची गेली. इथलं मीठ आणि इथली दारू शेजारपेक्षा स्वस्त होती म्हणून लोक घेत होते. तहाने स्वस्ताई काढून घेतली, मग गिऱ्हाईक कशाला घाट उतरेल?

लहान शेजाऱ्याचं बळ बऱ्याचदा अशा फरकातच असतं. मोठा देश कर लावतो, बंदी घालतो, आणि त्याच्या काठावर बसलेला लहान मुलूख त्या फटीत जगतो. नैतिकदृष्ट्या हे फार उजळ नाही हे मान्य, पण पोर्तुगिजांकडे दुसरं फारसं होतं तरी काय? उद्योग नव्हते, पोर्तुगालमधून येणारा माल थोडका, तिजोरी कायम कोरडी. एकाच दरपत्रकात शिरताना त्यांनी हाती असलेलं हे एकमेव हत्यार विकलं, आणि विकल्यावर त्याची किंमत कळली.

१८८२ मध्ये तर कलकत्त्याने दरपत्रकच जवळजवळ पुसून टाकलं. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना हिंदुस्थानातली कापडावरची जकात नको होती, त्यासाठी ते कैक वर्षं धोशा लावून होते. लॉर्ड रिपनच्या काळात अर्थखातं सांभाळणाऱ्या एव्हलिन बेरिंगने मीठ, दारू, शस्त्रं अशा थोड्या गोष्टी सोडून बाकीच्या आयातीवरची जकात काढून टाकली. त्याच अंदाजपत्रकात मिठाचा कर सगळीकडे मणाला दोन रुपये केला. गोवेकर ग्राहकाला विलायती कापड स्वस्त मिळालं, हेही नोंदवायला हवं. पण गोव्याच्या सरकारला आपल्याच बंदरात काय जकात घ्यायची हे ठरवण्याचा अधिकार उरला नाही, आणि सामाईक जकातीत जमेला काही उरलंच नाही तर वाटा कसला मागणार? चार लाख आहेत, तेवढेच. पुढे १८८८ मध्ये मिठाचा कर पुन्हा अडीच रुपये झाला. ब्रह्मदेशावरची मोहीम आणि वायव्य सरहद्दीवरचा खर्च यांसाठी. त्या खर्चाशी साष्टीच्या मिठगावड्याचा काय संबंध, असं विचारायची सोय नव्हती.

नाण्यांची गोष्ट यातली सगळ्यांत बोलकी आहे. १८८० मध्ये झालेल्या वेगळ्या करारानुसार गोव्याने आपली जुनी शेराफीन नाणी सोडून ब्रिटिश रुपयाच्या वजनाचा आणि कसाचा ‘रुपिया’ स्वीकारला. १८८१ पासूनची ही नाणी कलकत्त्याच्या टांकसाळीत पडली. नाण्यावर पोर्तुगालचा राजा लुईश, चांदी आणि हिशेब व्हिक्टोरियाचा. जुनी नाणी जमवणाऱ्यांकडे ती आजही दिसतात. बाजाराच्या दृष्टीने ही सोय उत्तम होती. पेडण्याच्या व्यापाऱ्याला सावंतवाडीत वटाव द्यावा लागेनासा झाला. तहातली एखादी गोष्ट लोकांनी मनापासून स्वीकारली असेल तर ती हीच.

आता रेल्वे, जिच्यासाठी एवढं सगळं केलं. मुरगावचं बंदर पोर्तुगिजांच्या मनात दोनशे वर्षं होतं. १६८३ मध्ये संभाजी महाराजांनी गोव्यावर चाल केल्यानंतर पोर्तुगीज व्हाइसरॉयने घाबरून राजधानीच मुरगावला हलवायचं ठरवलं होतं. बांधकामं सुरू झाली आणि रेंगाळली. मुरगाव जागा मात्र नैसर्गिक बंदराची, पावसाळ्यातही बोटींना आसरा देणारी. तिथून सांवर्डे, कुळे, मग दूधसागरच्या धबधब्याशेजारून घाट चढून कॅसल रॉक. पन्नास मैलांच्या वर थोडी, मीटर गेजची ही वाट, पण घाटाच्या भागात बोगद्यांवर बोगदे. १८८७ मध्ये सांवर्ड्यापर्यंत गाडी धावली, १८८८ मध्ये कॅसल रॉक गाठलं आणि पलीकडे सदर्न मराठा रेल्वेला रूळ जोडले गेले. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळाने धारवाड-विजापूर-बल्लारीचा मुलूख होरपळून निघाला होता. त्या भागात धान्य पोचवायला रेल्वे हवी हा धडा ताजा होता. सदर्न मराठा कंपनी त्यातूनच उभी राहिली.

या तहाचा सर्वांत मोठा फटका बसला तो गोव्याबाहेरच्या एका गावाला, ज्याचं तहात नावही नाही. कारवार. अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे लँकेशायरला कापूस मिळेनासा झाला तेव्हा धारवाडच्या कापसाचा भाव गगनाला भिडला होता. तो कापूस घाट उतरून कुमठ्याला येई आणि तिथून मुंबईला. लिव्हरपूलच्या बाजारात ‘कुमठा’ ही कापसाची जातच झाली होती. कुमठ्याला बंदर असं नाही, उघडा किनारा. कारवारला मात्र डोंगराआडचा सुरेख उपसागर. तो ताब्यात असावा म्हणून मुंबई सरकारने १८६२ मध्ये उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्याकडून मागून घेतला. कारवार-हुबळी रेल्वेचे आराखडे झाले, गावात जमिनींचे भाव चढले, मुंबईचे व्यापारी येऊन जागा पाहून गेले. मग पैसा आटला, योजना बासनात गेली, तरी आशा होती. गोव्याच्या तहाने ती संपली. रेल्वे मुरगावला जाणार म्हटल्यावर साठ मैलांच्या आत दुसरी घाटातली रेल्वे कोण बांधेल? १८८३ मध्ये तरुण रवींद्रनाथ ठाकूर कारवारला थोरल्या भावाकडे, जिल्हा न्यायाधीश सत्येंद्रनाथांकडे, राहायला आले आणि समुद्रकाठच्या निवांतपणावर लुब्ध झाले. तो निवांतपणा काही अंशी लिस्बनमध्ये सही झालेल्या कागदाने दिलेला होता. पुढे कारवारला आगगाडी दिसली ती एकदम कोकण रेल्वेची, शंभराहून अधिक वर्षांनी.

वेंगुर्ल्याचंही तसंच. बेळगावचा माल आंबोली आणि रामघाटाने उतरून वेंगुर्ल्याला येई. बेळगावला रेल्वे आली तसे गाडीवानांचे तांडे विरळ होत गेले. शेजाऱ्याशी सवलतीचा करार झाला की परक्याचं नुकसान होतं ते होतंच, पण आपल्याच घरातली एखादी खोलीही अंधारात जाते. कारवार आणि वेंगुर्ला दोन्ही ब्रिटिशांचीच होती.

बरं, मुरगावचं तरी भलं झालं का? थोडंफार. बंदराशेजारी वस्ती वाढली, रेल्वेत आणि गोदीत कामं मिळाली, आणि गोवेकराला मुंबई-पुण्याला जायला जमिनीवरची वाट मिळाली. मिठागर किंवा माड सोडून बाहेर पडणाऱ्यांना ती लगेच उपयोगी पडली. पण कापसाचा जो पूर मुरगावला यायचा होता तो आला नाही. १८८४ मध्येच गदग-होटगी रेल्वे सुरू होऊन धारवाड-विजापूरचा माल सोलापूरमार्गे मुंबईला जायला लागला होता. १८९० पर्यंत पुणे-लोंढा रेल्वेही पुरी झाली. मुंबईत गिरण्या होत्या, पेढ्या होत्या, दलाल होते, युरोपला जाणाऱ्या बोटी ठरल्या दिवशी सुटत. मुरगावला धक्का होता आणि आशा होती. भाड्याच्या चढाओढीत पोर्तुगीज कंपनी टिकणं कठीणच होतं, आणि घाटातल्या रुळांची डागडुजी दर पावसाळ्यात खर्च काढी. उत्पन्नातून व्याज निघेना, म्हणून हमी पुन्हा पुन्हा पोर्तुगालच्या गळ्यात.

लिस्बनच्या संसदेत आणि मडगावच्या पोर्तुगीज वृत्तपत्रांत या तहावर सतत टीका होत राहिली. गोवा विकला, असा सूर. इंग्रजांनी गोवा विकत मागितल्याच्या गोष्टी जुन्याच होत्या. नेपोलियनच्या युद्धांत तर ब्रिटिश पलटणी चौदा-पंधरा वर्षं गोव्यात तळ देऊन होत्या, तीही आठवण पुसलेली नव्हती. तहामुळे गोव्यावर ब्रिटिशांनी राजकीय कब्जा केला असं काही झालं नाही. पण पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या डोळ्यांदेखत ब्रिटिश मीठखात्याचा माणूस आगरं मोजतो, हे दृश्य मैत्री वाढवणारं नव्हतं.

शेवटचा घाव आफ्रिकेतून आला. अंगोला आणि मोझांबिक जोडून मधला सगळा पट्टा आपला, असा नकाशा पोर्तुगालने रंगवला होता. ब्रिटिशांना तोच पट्टा उत्तर-दक्षिण हवा होता. ११ जानेवारी १८९० रोजी लॉर्ड सॉल्सबरीच्या सरकारने लिस्बनला निर्वाणीचा खलिता दिला: त्या भागातून सैन्य काढा, नाहीतर संबंध तोडू. पोर्तुगालने माघार घेतली. लिस्बनच्या रस्त्यांवर इंग्लंडविरुद्ध निदर्शनं झाली, आजचं पोर्तुगीज राष्ट्रगीत त्याच संतापाच्या भरात रचलं गेलं. इंग्लंडची जुनी मैत्री म्हणून कोर्वूने जे भांडवल गृहीत धरलं होतं ते एका संध्याकाळीत उडून गेलं. त्यात त्याच वर्षी लंडनची बेरिंग बँक बुडता बुडता वाचली. एव्हलिन बेरिंगच्याच घराण्याची ही बँक, पोर्तुगालला कर्ज देणारी. १८९२ मध्ये पोर्तुगालला आपल्या परकीय कर्जाचं व्याज पुरतं देता येईना. अशा वेळी गोव्याच्या मिठाचा तह पुढे चालू ठेवण्यासाठी सवलती देईल असा मंत्री लिस्बनमध्ये सापडणं अशक्य होतं, आणि ब्रिटिशांनाही आता फार घाई नव्हती. त्यांना हवी असलेली रेल्वे जोडली गेली होती.

१४ जानेवारी १८९२ ला मुदत संपली. तह पुढे चालला नाही. गोव्याने आपलं दरपत्रक पुन्हा लावलं, ब्रिटिशांनी सरहद्दीवर मिठाचे आणि जकातीचे पहारे पुन्हा बसवले. बंद पडलेली सगळी आगरं पुन्हा उभी राहिली नाहीत. खाजणाचे बांध एकदा फुटले की पाणी आपली वाट बदलतं, आणि ती बांधणारी माणसं तोवर मुंबईला गेलेली असतात. घाटातल्या वाटांवरचा रात्रीचा धंदा मात्र चटकन पूर्ववत झाला.

रेल्वे राहिली. जकात नाके उठवण्याच्या बोलीवर बांधलेल्या त्या गाडीला आता हद्दीवर जकातीसाठी थांबावं लागे. एकीकडे कॅसल रॉकला ब्रिटिशांची तपासणी, दुसरीकडे कुळ्याला पोर्तुगिजांची. १९०२ मध्ये गाडी चालवण्याचं काम सदर्न मराठा कंपनीकडे गेलं. इंजिनं त्यांची, माणसं त्यांची, वेळापत्रक त्यांचं. लंडनच्या भागधारकांना व्याज देण्याची हमी तेवढी पोर्तुगालची राहिली, आणि ती भागवायला येणारे चार लाख रुपये दहा वर्षांपूर्वीच बंद झाले होते.